आडाच्या अलीकडे

लिहून ठेवणार: गुरुपादप्पा शिवलिंगप्पा तोंडारे, वय शहात्तर, सेवानिवृत्त पोलीस हवालदार, राहणार मौजे उंबरसांगवी, तालुका शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर.

माझे डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, गुडघे गेले आहेत, उजवा खांदा थंडीत वर जात नाही, पण यातले काही डोक्यापर्यंत पोचलेले नाही. तरी उद्या कोणी म्हणेल की म्हातारा चळला होता, म्हणून शिरूरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, मी तिथीसुद्धा सांगितली. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट सगळ्यांनी नको म्हटले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही गणितात वर ढकलून. पण नोकरीत पंचनामे पुष्कळ लिहिले, त्यामुळे जे पाहिले ते लिहिता येते. वकीलसाहेबांनी तयार करून आणलेला मसुदा मी परत केला, कारण त्यात दगडाचा उल्लेख नव्हता. "अप्पा, मृत्युपत्रात दगड कशाला?" असे ते म्हणाले. दगडासाठीच तर मृत्युपत्र आहे. घरदाराचे काय, माझी मुले समजूतदार आहेत, कागद नसता तरी वाटून घेतले असते. (मुलगी समजूतदार आहे. मुलाचे पुढे येईल.)

१) गावातील घर, परसातील चिंच आणि बोअरसह, माझी पत्नी महानंदा हिच्या हयातीपर्यंत तिचे एकटीचे. तिला "आता लातूरला चला" म्हणून कोणी उचलून न्यायचे नाही. तिच्या पश्चात मुलगा सोमेश आणि मुलगी मंजुश्री यांना निम्मे निम्मे. मंजुश्री उदगीरला सुखात आहे, तेव्हा तिने हक्क सोडून द्यावा, असे कोणी सुचवू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे असे सुचवण्यासाठी राखी पौर्णिमेचा मुहूर्त धरतात.

२) बँकेत आणि पोस्टात जे असेल ते महानंदाचे. पेन्शनच्या कामाला तिने स्वतः जावे. तिची सही माझ्या सहीपेक्षा चांगली आहे.

३) वरचे रान दोन्ही मुलांचे, बांधावरच्या आंब्यासह. आंबा कोणी तोडू नये. गावालगतचे रान, गट नंबर ११८, जिथे चैत्रात सिद्धेश्वराची जत्रा भरते, त्याबद्दल शेवटच्या कलमात लिहिले आहे. वाचणाऱ्याने घाई करून तिकडे उडी मारू नये. आधीचे समजल्याशिवाय ते समजणार नाही.

४) माझे नाव. हे माझ्या मालकीचे असून सगळ्यात जास्त दुसऱ्यांनी वापरले. निलंगा रोडला 'भालेवाले अप्पा टी हाऊस' आहे. तिथे मला चहाचे पैसे मागत नाहीत, त्याला माझी हरकत नाही. शेजारच्या सलूनमध्ये माझा मोठा फोटो आहे. तो उलटा छापल्यामुळे त्यात मी डावखुरा दिसतो आणि तालुक्यातली निम्मी पोरे मला डावखुरा समजतात. मी सांगून पाहिले. "अप्पा, तुम्ही दोन्ही हातांनी टाकत असाल," असे मला न्हावी म्हणाला.

भरतीची मुले बिलोली-देगलूरकडून गाड्या करून येतात, माझ्या उजव्या दंडाला हात लावतात आणि परीक्षेला जातात. काही जण हात लावत नाहीत, दाबतात. दंड दुखतो. पण नाही म्हणवत नाही, कारण एखादा पास झाला की पेढे घेऊन येतो आणि साखर असताना तेही खावे लागतात. मी गेल्यावर दंडाला हात लावायला रांग लावू देऊ नये. तसेच श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावू नयेत. ज्यांनी माझ्याशी कधी चहा घेतला नाही त्यांचे हात जोडलेले फोटो माझ्या डोक्यावर छापले जातील आणि माझा फोटो खाली कोपऱ्यात जाईल, हे मला आत्ताच दिसते आहे.

सोमेश म्हणतो, "अप्पा, तुमचं नाव म्हणजे ब्रँड हाय." त्याला लातुरात माझ्या नावाने अकॅडमी काढायची आहे आणि माझा भाला तिच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायचा आहे. अकॅडमी जरूर काढावी, नाव द्यावे. भाला मिळणार नाही. सोमेशच्या हातात मी लहानपणी एकदा भाला दिला होता. त्याने त्या भाल्याने चिंचा पाडल्या.

५) पदके मंजुश्रीला. ब्लेझर नात सृष्टी हिला, तिने मागितला म्हणून. तो तिला दोन माणसे मावतील एवढा होतो, पण तिला तसाच हवा आहे. पोलिसी ट्रंक, कंदील आणि शिट्टी ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. शिट्टी अजून वाजते.

पदके कशी मिळाली तेही थोडक्यात लिहितो, नाहीतर पुढे त्यातही भर पडेल. मी लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून गोफण मारायचो. उंचीमुळे पोलिसात लागलो. नांदेडच्या मैदानावर ड्रिलच्या उस्तादांनी माझा खांदा पाहून हातात भाला दिला, तो बांबूचा होता. राज्य पोलीस स्पर्धेत सोने मिळाले, देशाच्या पोलीस स्पर्धेत चांदी. चांदीनंतर खात्याने भेट म्हणून धातूचा भाला दिला, तोच अजून घरात आहे. देगलूरला बदली असताना मी धान्याच्या बाजारामागे सराव करायचो. तिकडचे तेलुगू बोलणारे हमाल मला 'बल्लेम पोलीस' म्हणत. बल्लेम म्हणजे भाला. अजून त्या बाजूचा माणूस आला तर गावात शिरताना हेच नाव घेऊन माझे घर विचारतो. एवढेच आहे. मी परदेशात गेलेलो नाही, मी वाघ मारलेला नाही, आणि निजामाच्या काळात मी जन्मलोही नव्हतो.

६) परदेशी स्पर्धेच्या निवडीबद्दल. मी वीतभर पुढे टाकला होता, तरी दुसऱ्याला नेले. कारण असे सांगितले की मला इंग्रजीत फॉर्म भरता येत नाही. भाला इंग्रजीत टाकायचा नव्हता. त्या साहेबांचे नाव लिहीत नाही, कारण ते वारले आणि त्यांचा नातू मला भेटला की नमस्कार करतो. पण माफ केलेले नाही. मृत्युपत्र वाचून दाखवताना हे कलम कोणी गाळू नये.

७) आता दगड.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी जत्रेत गावाने माझा सत्कार केला आणि भाला टाकून दाखव म्हणाले. गट ११८ मध्ये ज्वारी निघून रान मोकळे झाले होते. सिद्धेश्वराच्या पारापासून धावत येऊन मी भाला टाकला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब गेलेला भाला. रानाच्या त्या टोकाला जुना आड आहे, त्याच्या अलीकडे तो रुतला. आड आणि भाला यांच्या मध्ये एक बैलगाडी सोडून उभी करता आली असती, एवढे अंतर होते.

तिथे त्या वेळी कोंडाबाई भीमा सोनकांबळे ही नवीन लग्न झालेली बाई म्हैस घेऊन उभी होती. आड कोरडा पडला होता म्हणून तिला तिथे कोणी हटकत नव्हते. भाला म्हशीच्या मागे रुतला. ती ओरडली, "डोळे फुटले का रं? म्हस मारतोस का माझी?" माझ्या सर्वोत्तम फेकीला मिळालेली पहिली दाद ती.

माझा मेव्हणा बसलिंगप्पा हुडगे (आमची सोयरीक गावातलीच) तेव्हा पोरगेला होता. त्याने धावत जाऊन त्या जागी एक दगड ठेवला. प्रेमाने ठेवला, हे मी नाकारत नाही. पुढच्या वर्षी कोणी त्याला चुना लावला. त्यानंतर कोण्या बाईने येता जाता शेंदूर लावला, आणि तिथून घोटाळा सुरू झाला. शेंदूर लागलेला दगड मागे न्यायचा नसतो, देवाचे पाऊल मागे पडत नाही, असे आमच्याकडे मानतात. पण रान नांगरायचे असते, जत्रेत पाळणा उभा करायचा असतो, कुस्त्यांचा हौद खणायचा असतो. प्रत्येक वेळी दगड हलवावा लागतो. मागे नेता येत नाही, म्हणून पुढे नेतात. असे करत करत दगड आडापाशी गेला, आडाला वळसा घालून पलीकडे गेला आणि आता बाभळीखाली आहे. तिथपर्यंत माझ्याच्याने काय, गोफणीच्यानेही काही गेले नसते.

एकदा मी स्वतः पहार घेऊन दगड जागेवर आणला. रान माझे, फेक माझी, मला कोण अडवणार? त्याच आठवड्यात बसलिंगप्पाच्या बैलाला पान लागले, म्हणजे साप चावला. बैल वाचला. दगड मात्र परत पुढे गेला, आणि दंड म्हणून आणखी थोडा जास्त. आम्ही लिंगायत. आमचे लिंग गळ्यात असते, बाभळीखाली नसते. बसवेश्वरांची जयंती मिरवणुकीने करणाऱ्यांनी दगडाला नारळ फोडावा, हे मी बोललो तर मलाच म्हणतात, "दाजी, तो दगड न्हाई, तुम्हीच हाव."

मी हे पहिल्यापासून सांगत आलो आहे. प्रत्येक जत्रेत सांगितले. कोणी ऐकत नाही. मी खरे सांगितले की लोकांना तो माझा नम्रपणा वाटतो आणि ते आणखी एक शाल घालतात. घरात शालींनी एक कपाट भरले आहे. शाली वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटाव्यात, थंडीच्या आधी.

८) गेल्या चैत्रातली गोष्ट. कोंडाबाईचा नातू संघपाल विनोद सोनकांबळे, वय बावीस, शिरूरला शाळेची गाडी चालवतो. तो माझ्याकडे शिकतो. जत्रा कमिटीने चांदीचे कडे करून ठेवले आहे, अप्पांच्या खुणेपुढे जो भाला टाकेल त्याच्यासाठी. आता नवीन भाले वेगळ्या तोलाचे येतात, लवकर खाली बसतात. म्हणून कोणाला खोड काढायला जागा नको, या विचाराने मी त्याला माझाच भाला दिला. तोच भाला, तेच रान, तोच पार.

संघपालने टाकला. मी उठून उभा राहिलो, गुडघ्यांनी काही म्हटले नाही. भाला माझ्या जागेवरून पुढे गेला आणि आडाला जवळ जवळ टेकून रुतला. त्याने मला मागे टाकले. पन्नास वर्षांत कोणी टाकले नव्हते.

बसलिंगप्पा आता कमिटीचा अध्यक्ष आहे. तो माइकवर म्हणाला, "टाळ्या वाजवा मंडळी, पोरानं चांगला जोर लावला. पण अप्पाचा दगड अजून लई लांब हाय."

मी माइक घेतला. "दगड खोटा हाय. माझा भाला आडाच्या अलीकडं पडला होता. ह्या पोरानं मला मागं टाकलंय. कडं त्याचं हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला. मागून कोणी म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपणा." बसलिंगप्पा माझ्या कानाशी म्हणाला, "बसा दाजी. तुम्ही असं बोलता म्हणूनच लोक पाया पडायलेत."

तेव्हा बायकांतून कोंडाबाई उठली. "मी हुते की तिथं. माझ्या म्हशीच्या शेपटापाशी पडलं ते."

"आजे, नातवासाठी बोलायलीस," कोणीतरी म्हणाले.

"तवा नातू कुठला रं? लग्नाची हळद निघली नव्हती माझी."

लोक हसले. हसण्यात ते वाहून गेले. मला फेटा बांधला, संघपालला अर्धा नारळ दिला. दोन-चार जण त्याला जे बोलले ते मी ऐकले आहे. "वस्तीतला पोरगा अप्पाच्या पुढं जायलाय व्हय?" एवढेच इथे लिहितो, बाकीचे लिहिण्यासारखे नाही. ज्यांनी म्हटले त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. त्यांनी माझ्या मातीला येऊ नये.

परत येताना संघपालने भाला पुसून माझ्या हातात दिला. "अप्पा, जिवंतपणी तुमचं कुणी ऐकंना, मेल्यावर काय ऐकतेत?"

मी म्हणालो, "मेल्यावरच ऐकतेत. आपल्याकडं मेलेल्या माणसाच्या शब्दाला लई वजन असतं."

तो हसला नाही. मीही हसलो नाही. हा कागद करायचे मला तेव्हाच सुचले.

९) भाला. वर लिहिलेला धातूचा भाला, कापडी म्यानासह, संघपाल विनोद सोनकांबळे याला. पूर्ण मालकीने. सोमेशच्या मित्रांनी मला समाधीत बसवताना उजव्या हातात भाला द्यायचे ठरवले आहे, असे कानावर आले आहे. आम्हाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. ते ठेवावे. उजवा हात रिकामा ठेवावा. भाला पुरायचा नाही, काचेत ठेवायचा नाही, त्याला हार घालायचा नाही. तो टाकायचा. टोक मोडले तर लातूरला लेथवाल्याकडे बसवून मिळते, संघपालला दुकान माहीत आहे.

९ अ) हे वर राहिले: कुत्रा मोती महानंदाचा. त्याला फटाक्यांची भीती वाटते, म्हणून माझ्या मयतीला फटाके नकोत.

१०) समाधी. ज्यांना शेवटचे कलम आधी वाचायचे होते त्यांनी आता वाचावे.

वरच्या रानात माझ्या आई-वडिलांच्या समाध्या आहेत, तिथे माझ्यासाठी जागा धरलेली आहे. तिथे मला बसवायचे नाही. मला गट ११८ मध्ये, आडाच्या अलीकडे, माझा भाला जिथे रुतला होता त्याच जागी बसवावे. रान माझ्या नावावर आहे, सातबारा जोडला आहे. माझ्या पश्चात रान दोन्ही मुलांचे, जत्रेला मोकळे ठेवून.

जागा आज ठरवली. कोंडाबाईने काठीने दाखवली. मी तिच्याकडे पाठ करून माझ्या आठवणीने दाखवली. दोघांत वीतभर फरक आला. पाराकडची, म्हणजे अलीकडची जागा धरली. उगाच वीतभर माझ्या पदरात नको. तिथे सिमेंटमध्ये लोखंडी खुंटी बसवली आहे.

दगड मागे नेता येत नाही, हे गावाचे म्हणणे मी मान्य करतो. दगड राहू द्या बाभळीखाली. त्याला देव म्हणा, नारळ फोडा. तो माझा नाही, एवढेच. पण समाधी पुढे नेता येते का, हे गावाने मला सांगावे. आमच्या पंचक्रोशीत कोणाची समाधी सरकवलेली मी पाहिली नाही आणि माझ्या आज्यानेही पाहिली नव्हती.

कट्टा गुडघ्याएवढा बांधावा. शिखर, छत्री, पुतळा नको, भाला आदळेल. तोंड पाराकडे, म्हणजे टाकणाऱ्याकडे ठेवावे. दिशेचे मठाच्या स्वामींना विचारले आहे, चालते म्हणाले. मी पुन्हा विचारले, पुन्हा चालते म्हणाले.

महानंदाला हे सांगितले तेव्हा ती भाकरी करत होती. "आणि मला कुठं बसवणार? भाले पडायलेत त्यात?"

मी म्हणालो, "तू डाव्या अंगाला, रेषेच्या भाईर. भाला दोन रेषांच्या आतच पडावा लागतो. तुला लागणार न्हाई."

"लग्न झाल्यापासून रेषेच्या भाईरच हाय मी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिची जागा रेषेच्या बाहेरच, पण रेषेला लागून धरावी. लांब नको.

मला दुसरीकडे कुठे बसवले, तर घरातल्या कोणी माझी मरणानंतरची गणाराधना करू नये, माझ्या नावाने जेवण घालू नये, आणि जे जेवतील त्यांना ते पचू नये. हा शाप आहे. वकीलसाहेब म्हणाले शापाला कायद्यात आधार नाही. नसू दे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मंजुश्रीकडे. ती माझ्यासारखी घाबरट आहे, म्हणून सगळे दोनदा तपासते.

संघपालला भाला मिळणार असल्याने त्याची साक्ष चालत नाही. म्हणून साक्षीदार पुढीलप्रमाणे. दोघांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

साक्षीदार पहिली: कोंडाबाई भीमा सोनकांबळे, राहणार उंबरसांगवी. अंगठा नको म्हणाल्या, प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही केली.

साक्षीदार दुसरा: बसलिंगप्पा गुरुलिंगप्पा हुडगे, अध्यक्ष, जत्रा कमिटी. यांना मजकूर वाचून दाखवला. "दाजी, मी सही करणार न्हाई," असे म्हणून उठले. मग आमच्याबरोबर रानात आले, खुंटीजवळ उभे राहिले, आडाकडे पाहिले, बाभळीकडे पाहिले. कोंडाबाई म्हणाल्या, "दगड तूच ठिवला हुतास की रं. म्हस आठवती का?" ते म्हणाले, "काळी हुती. एक शिंग मोडलेली." मग "समाधीच्या जागेला न्हाई कसं म्हणावं," असे म्हणून सही केली. पेन परत देताना त्यांनी विचारले, "मग कडं?" मी सांगितले, "कडं कमिटीचं हाय, माझा हक्क न्हाई. मी तिथं बसलो, की माझ्या डोक्यावरून ज्याचा भाला जाईल त्याच्या हातात घाला."

लिहून ठेवणार: गुरुपादप्पा शिवलिंगप्पा तोंडारे (सही)

ठिकाण: उंबरसांगवी, गट ११८, आडाच्या अलीकडे.
दिनांक: १२ जानेवारी २०२६.

सह्या झाल्यावर सुचले म्हणून खाली जोडले, त्यावरही दोन्ही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या: आज बसवलेल्या खुंटीला कोणीही शेंदूर लावू नये.